कडब्याची गाडी

मुलांच्या हातातली खेळणी मोबाईलनं घालवली, असं हल्ली कुणीही सहज म्हणून जातं. माझ्या थोरल्या चुलत्यांना, अण्णांना, हे मान्य नाही. "मोबाईल काल आला रं. आमची गाडी त्याच्या लई आधी गेली. रानातनं शाळू गेला, आन् त्याच्याबरुबर गाडी गेली," असं ते ठासून सांगतात. त्यांच्या या एका वाक्याचा माग काढत गेलं की आमच्या भागातल्या शेतीचा सगळा इतिहास समोर येतो, आणि तो पोरांच्या उंचीवरून दिसतो.

आमचं गाव मोहोळ तालुक्यातलं. काळं, भारी रान आणि बेताचा पाऊस. जो काही भरवशाचा, तो परतीचा. त्यामुळं पीक मुख्यतः रब्बीचं. भाद्रपद-आश्विनात पेरायचं, मातीतल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर वाढवायचं, माघ-फाल्गुनात काढायचं. हाच शाळू. आमच्या मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडून काढलेली मालदांडी 35-1 ही जात पुढं राज्यभर गेली. पुरुषभर उंचीचं धाट, मोत्यासारखा दाणा. दाणा माणसांना, कडबा जनावरांना, आणि कडब्यातली मधली कांडी पोरांना, अशी ती वाटणी होती. पोरांचा वाटा कुणी ठरवून दिलेला नव्हता, पण कुणी नाकारतही नसे.

कणसं मोडून झाली की खळ्याच्या कडेला पेंढ्या पडायच्या. मोठी माणसं गंज रचायच्या घाईत. तेवढ्यात पोरांनी पेंढीतलं नेमकं धाट हेरायचं. बुडाकडची कांडी लाकडासारखी कठीण, शेंड्याकडची फार बारीक. घ्यायची ती मधली. धाट ओलसर असेल तर आतलं भेंड सुकताना आक्रसतं आणि खोचलेली काडी निसटते. फार वाळलं असेल तर काडी खोचताना चिरतं. गंजीवर थोडे दिवस उन्हं खाल्लेलं धाट बरोबर. हे सगळं अण्णा आजही बोटांनी दाखवत सांगतात, आणि सांगताना त्यांचा अंगठा नकळत कांड्यावर फिरल्यासारखा हवेत फिरतो.

मग सोलणं. हे काम दातांचं. शाळूच्या सालीला ब्लेडची धार असते. जिवणीच्या कोपऱ्यात चिरल्याची खूण फाल्गुनभर प्रत्येक पोराच्या तोंडावर दिसायची. साल निघाली की आतून पांढरं, हलकं भेंड हाती यायचं. साल आणि भेंड, या दोहोंखेरीज तिसरी वस्तू त्या गाडीत नसे. दोरा नाही, डिंक नाही, खिळा नाही. सालीच्या काड्या भेंडात खोचायच्या आणि भेंडानं त्या घट्ट धरून ठेवायच्या. बोटाच्या पेराएवढा भेंडाचा तुकडा मधोमध घेऊन त्यात काड्या खोचल्या की चाकाचे आरे होत. लांब साल ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायची आणि आऱ्यांभोवती वाकवून बसवायची, ती धाव. दोन चाकांमधून आख, आखाच्या टोकाला कुणी, वर साटी, पुढं जू, जुवाला शिवळा. कुणी बसवायची राहिली तर चाक चार पावलांत निसटतं, हे पोराला खऱ्या गाडीवर बसायच्या आधीच ठाऊक झालेलं असायचं. बैलही भेंडाचेच, त्यांना सालीची शिंगं. शिंगं मागं झुकवून वर वळवली तरच बैल खिलार. सरळ उभी ठेवली तर सोबती हसत.

अण्णांनी सांगितलेली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ज्याच्या घरी खरी बैलगाडी नव्हती, त्या पोराची कडब्याची गाडी सगळ्यांत रेखीव असायची. तो दुसऱ्यांच्या दारात उभ्या असलेल्या गाड्या तासन् तास न्याहाळत बसायचा आणि जुवाची खाचसुद्धा सोडायचा नाही.

उरल्या भेंडाचे चष्मे व्हायचे, तराजू व्हायचे. तेही जूनपर्यंतच. पावसाळा आला की गंज झाकली जायची आणि खेळ चिखलात उतरायचा.

पावसाळ्यातल्या खेळण्यांचा हिशोब आज्जीकडे होता. उकिरड्यावर टाकलेल्या रायवळ आंब्यांच्या कोयी पहिल्या पावसानंतर फुटायच्या. तांबूस कोंब वितभर वर आला की कोय उपटायची, वरचं टणक कवच फोडायचं, आतला गर धुवायचा आणि त्याची एक कड ओल्या दगडावर तिरकी घासत राहायची. घासता घासता दोन डाळिंब्यांमधली फट उघडी पडते. तिथं ओठ लावून फुंकलं की पिपाणी वाजते. जास्त घासली तर डाळिंब्या सुटतात, कमी घासली तर नुसती हवा जाते. हीच पिपाणी बंगालातल्या खेड्यांतली पोरंही वाजवत. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांनी 'पथेर पांचाली'च्या एका भागाला तिचंच नाव दिलं आहे. आज्जीनं ते पुस्तक ऐकलेलंही नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की कलमी आंब्याच्या कोयी उकिरड्यावर फारशा येतच नाहीत, कारण तो आंबा विकायला जातो. पिपाणी द्यायची ती रायवळानं.

आषाढात बेंदूर. मराठवाड्या-विदर्भात श्रावण अमावास्येला पोळा येतो, आमच्याकडं बेंदूर त्याआधीच होऊन जातो. घरोघरी मातीचे बैल. कुंभाराकडून यायचे ते देव्हाऱ्यापुढं, पण पोरांचे बैल पोरांनीच करायचे असत. आमची काळी माती बैलाला वाईट. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते; उन्हाळ्यात रानाला हात हात भेगा पडतात, तशाच त्या बैलाच्या पोटाला पडणार. म्हणून आज्जी ओढ्याच्या काठची चिकणमाती आणायची. खडे वेचून ती रात्रभर भिजत घालायची आणि सकाळी तिच्यात पिंजलेला कापूस घालून मळायची. कापसाचे तंतू मातीला धरून ठेवतात. चुलीतली थोडी राखही पडायची. बैल सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. पाय आखूड आणि जाड, म्हणजे वशिंडाचा भार पेलतो. डोळ्यांच्या जागी गुंजा. आणि बैलाला जुवाशी जोडायचं असेल तर माती ओली असतानाच मानेवर काडीनं भोक पाडून ठेवायचं. वाळल्यावर पाडायला गेलं की मान तुटलीच.

हे काडीचं भोक वाचताना मला एकदा इनामगावात भेटलं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी हे गाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 पासून पुढं अनेक वर्षं उत्खनन केलं. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं. ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची ती वस्ती. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची एक झाकणाची पेटी मिळाली. पेटीत बिनडोक्याची मातीची स्त्रीमूर्ती, वर तशीच आणखी एक मूर्ती आणि मातीचा बैल. बैलाच्या पाठीवर भोक आहे, मूर्तीच्या पोटाशीही भोक आहे. काडी घातली की बाई बैलावर बसते. तीन हजार वर्षांहून जुनी ही जोडणी आहे. अभ्यासकांनी तिला देवी मानलं, आणि जमिनीखाली इतक्या जपून ठेवलेली वस्तू पूजेचीच असणार हे मलाही पटतं. पण आज्जीच्या घरात देव आणि खेळणं यांच्यामध्ये भिंत नव्हती. बेंदराच्या दिवशी सकाळी ज्या बैलाला हळदकुंकू आणि पुरणपोळीचा घास, तोच बैल संध्याकाळी ओसरीवर पोरांच्या हातात. विदर्भात तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, चाकांवरचे लाकडी बैल सजवून पोरं घरोघर फिरतात. इनामगावच्या त्या घरातल्या पोरानंही घरची मूर्ती बघून ओढ्याकाठी आपल्यापुरता एक बैल वळला असेल, असं मला मनापासून वाटतं. कच्च्या मातीचा बैल एका पावसात विरघळतो, म्हणून तो सापडणार नाही.

भोवरा मात्र एकट्यानं होत नसे. त्याला अख्खं गाव लागायचं. आजोबांचं बालपण 1930 च्या आगेमागचं, बलुतेदारीच्या ऐन चलतीतलं. भोवऱ्याचं लाकूड बाभळीचं, ते सुताराकडं. सुतार लाकूड फिरवायच्या सांगाड्यावर भोवरा कातायचा. पण सांगाड्याचा पट्टा पुढं-मागं ओढायला दुसरा माणूस हवा, आणि तो माणूस म्हणजे भोवरा मागायला आलेलं पोर. दुपारभर पट्टा ओढायचा, तेव्हा भोवरा. मग लोहाराकडं जाऊन भाता ओढायचा, तेव्हा त्याला खाली आर. जाळी घरच्या अंबाडीची, ती स्वतः वळायची. आजोबा म्हणत, "फुकट काय मिळालं न्हाई, आन् पैसा काय लागला न्हाई." सुताराचा हात कसा चालतो, लोखंड कितपत लाल झालं की ठोकायचं, हे त्या ओढण्याओढण्यात बघितलं जायचं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या गावाच्या आठवणींत ती वगळली तर आपण खोटं लिहितो. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या पोरांना सुताराच्या पडवीत बसून पट्टा ओढता येत नव्हता. त्यांचे भोवरे त्यांनी स्वतःच विळ्यानं तासून, दगडावर घासून केलेले असायचे. पण गलोलीला मधलं चामडं लागतं, आणि मऊ, न तुटणारं चामडं त्यांच्याचकडं मिळायचं. मग ओढ्यापलीकडं, मोठ्या माणसांची नजर चुकवून, देवघेव व्हायची: चामड्याच्या दोन चकत्यांना भोवऱ्याची एक आर. आजोबा हे सांगताना आवाज खाली आणत, ऐंशीच्या घरात आल्यावरसुद्धा.

मुलींची खेळणी यापेक्षा लवकर संपत. आज्जीची बाहुली शिंप्याकडच्या चिंध्यांची होती. खणाच्या तुकड्याची चोळी, मक्याच्या कणसाचे केस. मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवणारा शारदा कायदा 1929 साली झाला होता, पण तो आमच्या गावापर्यंत पोचायला फार वर्षं लागली. आज्जीचं लग्न तेराव्या वर्षी झालं. बाहुली तिनं ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी घालून सासरी आणली. ती सासूला सापडली. सासू रागावली नाही, पण बाहुली परत ट्रंकेतही गेली नाही. ती धाकट्या नणंदेला देण्यात आली. त्या वर्षीच्या फाल्गुनात आज्जीनं पाच वर्षांच्या दिराला कडब्याची गाडी करून दिली. माहेरी भावांची बघून बघून तिला ती येत होती. गाडी करायला मिळायची म्हणून तो दीर तिला जवळचा वाटायचा, असं ती म्हातारपणी सांगायची. सुनेनं खेळायचं नसतं. दिरासाठी खेळणं करून द्यायला मात्र कुणाची हरकत नसते. तेरा वर्षांच्या पोरीनं शोधलेली ही वाट आठवली की मला आजही गलबलून येतं.

1972 चा दुष्काळ अण्णांच्या लहानपणी पडला. तेव्हा ते दहा वर्षांचे. शाळू आधीच्या साली धड आला नव्हता, त्या साली पेरलाच गेला नाही. कडब्याचं एकेक धाट मोजून बैलापुढं टाकलं जायचं. कडब्याला हात लावलेला दिसला की पोरांना मार बसे. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला, पोरं त्यांच्यासोबत. जेवायला सुकडी, मिलोच्या लाल भाकरी. त्या साली गाडी झाली नाही. खडीच्या ढिगातले लांबट दगड निवडून पोरं त्यांनाच बैल म्हणायची, दोरीची वेसण बांधायची, आणि संध्याकाळी मुकादमाची शिट्टी झाली की ते बैल पुन्हा ढिगात टाकून यायची, कारण ढीग मापला जायचा आणि मापावर पैसे ठरायचे. आमचे खरे बैल त्या उन्हाळ्यात गेले. अण्णांनी दगडाचे बैलही त्यानंतर केले नाहीत. "ढिगात टाकताना कसंतरीच व्हायचं," एवढंच ते बोलतात.

पुढचा मोठा बदल आनंदाचा होता, म्हणून त्यात काय गेलं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. कालवे आले, पाणी आलं, आणि शाळूच्या रानात ऊस उभा राहिला. ज्यांनी बाहत्तर साल पाहिलं होतं, त्यांनी पाणी आल्यावर ऊस का लावला, हे विचारायची गरज नाही. आज सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी आहे, घरं पक्की झाली, पोरं शिकली. मी स्वतः त्या उसाच्या पैशावर कॉलेजला गेलो. पण उसाच्या चिपाडाची गाडी होत नाही. अण्णांनी माझ्यासाठी करून पाहिली होती. उसाचं आतलं अंग चोथा आणि रस. काडी खोचली की रस गळतो, वाळलं की सुटतं, आणि रात्रीत मुंग्या लागतात. ओढ्याकाठच्या शिंद्या ऊस लावताना तोडल्या, त्यांच्याबरोबर शिंदीच्या पातीचं भिरभिरं गेलं. दोन पाती एकमेकींत विणून मधोमध बाभळीचा काटा टोचायचा आणि चैत्राच्या वाऱ्यात पळायचं, एवढंच ते होतं. पण पाती शिंदीचीच लागे, बाकीच्या पानांना तो ताठपणा नाही. ट्रॅक्टर आल्यावर सुताराचं काम आटलं, त्याची मुलं पुण्याला गेली, सांगाडा मोडीत निघाला. माझ्या पिढीच्या वाट्याला आले ते सायकलचे टायर आणि काडेपेट्यांचे फोन. तेही आम्ही प्रेमानं खेळलो. कारण टायर तेव्हा आमच्या आसपास होते.

लहान मुलाच्या भोवती जे असतं तेच त्याचं खरं शिकायचं साधन, हे ताराबाई मोडकांनी ओळखलं होतं. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. 1945 साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढं कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या हीच साधनं केली. त्या साधनांना दुकान लागत नव्हतं, टेकडी लागत होती. माझ्या मते या दोघींचं हे काम शिक्षणापुरतं पाहिलं जातं, आणि त्यातला परिसराचा भाग मागं राहतो. टेकडीच राहिली नाही तर साधनं कशाची करणार?

मंगळवेढ्याकडं शाळू अजून आहे. तिथल्या काळ्या शिवारातल्या मालदांडीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. माझी मावशी तिकडं राहते. गेल्या फाल्गुनात अण्णांना घेऊन तिच्याकडं गेलो, तेव्हा खळ्याच्या कडेला तिचा नातू आणि त्याचे दोन मित्र धाटं सोलत बसले होते. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. थोरल्या पोरांचं बघून ते शिकले होते. गाडी मात्र नव्हती. त्यांनी ट्रॅक्टर केला होता. मागची चाकं मोठी, पुढची लहान, वर सालीचं धुराडं, आणि मागं ट्रॉली. अण्णांनी तो उचलला, उलटा केला, आख तपासला आणि विचारलं, "कुणी कुटं हाय रं हेची?" पोरानं ट्रॉली जोडायची बारीक काडी काढून दाखवली. "आज्जा, हेला पिन म्हणत्यात." अण्णांनी ती पिन काढली, घातली, पुन्हा काढली. मग ते त्यांच्यात मांडी घालून बसले आणि कुठलं कांडं टाकायचं, कुठलं घ्यायचं, हे सांगायला लागले. जेवायला हाक मारली तरी उठेनात.

येताना त्यांनी चार पेंढ्या गाडीच्या टपावर बांधून आणल्या. त्या आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोरांनी दोन दिवसांत संपवल्या. मग यंदाच्या आश्विनात अण्णांनी उसाच्या कडेला चार तासं मालदांडीची धरली. माझा चुलतभाऊ वैतागला. एवढ्याशा तुकड्यात शाळू केला तर गावातली सगळी पाखरं त्यावरच येणार, राखण कोण करणार, हाती पायलीभर तरी लागेल का, असा त्याचा सवाल होता, आणि तो रास्तच होता.

"दाणं पाखरांनी खाल्लं तर खाऊ दे," अण्णा म्हणाले. "आपल्याला धाटं पायजेत."